सासूबाईंचा मोठा कार्बोरेटर

इंजिनाची धडधड ऐकून त्याचं दुखणं सांगणारी सासू अख्ख्या नागपुरात एकच आहे, आणि ती माझ्या वाट्याला आली आहे. लग्न होऊन मी धरमपेठेतल्या या घरात आले, तेव्हा सासूबाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. आता निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही सुटलं नाही. मुलींच्या जागी अंगणातली जुनी, गोल पाठीची छोटी गाडी आली एवढंच. पदर खोचून, रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं इंजिनावर धरून त्या उभ्या राहिल्या, की थेट डॉक्टरीणबाई वाटतात. ती नळी माझ्या मिक्सरलाही लागते. एकदा सासरे दुपारी घोरत होते, तर तीच त्यांच्या छातीशी नेऊन त्यांनी निदान केलं, "हवा कमी पडून राहिली." आल्यागेल्याची पारख त्या गाडीचं दार लावण्यावरून करतात. नणंदेला आलेलं एक तालेवार स्थळ त्यांनी तेवढ्यावरून परत पाठवलं. "जो दाराले असा आपटते, तो पोरीले काय सांभाळीन?" नणंद आजही त्यांचे आभार मानते.

पण खरा पराक्रम चिखलदऱ्याचा. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, तिथल्या दवाखान्यात नर्स होती आणि निवृत्तीनंतरही तिथेच एकटी राहिली. गुडघे गेले, नजर अधू झाली, तरी नागपूरला यायचं नाव काढेना. बसची पायरी चढवत नाही, भाड्याच्या गाडीत मळमळतं, अशी एकेक सबब. सासूबाई तिला आणायला निघाल्या, तेव्हा परतवाड्याच्या पुढे घाटात आमच्या गाडीने मान टाकली. सासरे आणि मी धक्का मारून थकलो, आणि अर्ध्या घाटातून परत फिरलो. मावशी फोनवर खो-खो हसली. "तुही गाडी वर आली, का मी खाली आलीच समज!"

सासूबाईंना ते हसणं झोंबलं. "तिले यायचं नाही, म्हणून गाडीवर ढकलून राहिली," त्या म्हणाल्या. "आता मी तिचं कारणच काढून टाकते."

कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल एकत्र करून इंजिनाला पाजतो, हे मला त्यांनीच भाजी निवडता निवडता शिकवलं. आमच्या गाडीचा फारच लहान होता. मग एका कबाड्याकडून त्यांनी मोठ्या गाडीचा कार्बोरेटर पैदा केला, रॉकेलमध्ये धुतला आणि ओट्यावर आणून ठेवला. त्याची भोकं आमच्या इंजिनाशी जुळेनात, तर मधे बसवायला ॲल्युमिनियमची जाड पट्टी आणून ती रोज कानशीने घासत बसल्या.

"हे काय करून राहिली वं तू?" सासऱ्यांनी विचारलं.

"दमेकऱ्याले मोठं नाक बसवून राहिली जी."

पहिल्या दिवशी त्या नाकातून जे काही शिंकलं गेलं, त्याने शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या झाल्या. सासूबाईंनी चादरी स्वतः धुऊन दिल्या आणि वर तिलाच समजावलं, "पेट्रोल जास्त जाऊन राहिलं, बाई." मग आतली पेट्रोलची बारीक तोटी बदलायची, फेरी मारायची, प्लग काढून त्याचा रंग पाहायचा, असं सुरू झालं. एका सकाळी काजळी गेली आणि प्लग मारी बिस्किटाच्या रंगाचा निघाला, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण जमलं. तो तळहातावर घेऊन त्यांनी घरभर प्रसादासारखा दाखवला.

पुन्हा चिखलदऱ्याला निघालो. घाट लागला तेव्हा सासऱ्यांनी मागच्या सीटवर डोळे मिटून घेतले. मागच्या वेळी जिथे अडकलो होतो, तिथे सासूबाईंनी गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. गाडी एकदा गुरगुरली, मग खालच्या आवाजात जे गायला लागली, ते थेट मावशीच्या फाटकापर्यंत. "आहे ना दम!" सासरे ओरडले.

मावशी काठी टेकत आली. तिने गरम बॉनेटवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. "जिंकली वं तू," एवढंच म्हणाली. बांधाबांध फारशी नव्हतीच. कुलूप तिने स्वतः लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं आणि पुढच्या सीटवर येऊन बसली.

पहिल्या वळणाआधी घराचं कौलारू छप्पर शेवटचं दिसतं. तिथे सासूबाईंनी आपणहून गाडी बाजूला घेतली. मावशीला इतक्या दुरून काय दिसत होतं कोण जाणे, पण ती त्याच दिशेला तोंड करून बसली.

"पाहून घे ताई," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मले काही घाई नाही." आणि त्यांनी इंजिन बंद केलं.