आवाज गेलेली गाडी

पालीच्या आश्रुबांची मोटारसायकल त्यांच्यासारखीच जुनी झाली होती. इंजिनातून सारखी कटकट यायची. गाडी धरणाच्या वळणावर असतानाच घरी कळायचं. त्यांची बायको छबुबाई अलीकडं सगळंच विसरत चालली होती. लेकरांची नावं गेली, चुलीवर ठेवलेलं दूध ध्यानात राहीना. पण ती कटकट ऐकू आली की पदर सारखा करून उठायची आणि म्हणायची, "आले."

मांजरसुंब्याच्या हनुमान मिस्त्रीनं एकदा इंजिनाचं हेड उघडून दाखवलं.

"बाबा, इथं बोट फिरवा. जुन्या गाडीला कॅमखाली, ह्या फिरत्या दांड्याखाली, बेअरिंगच न्हाई, तो नुसता हेडमधी फिरतो. जागा पार खाल्ली. चालत्या गाडीत जाम होईल एखाद्या दिवशी."

"कवा?"

"ते कसं सांगू? घाटात बी होईल."

छबुबाई बीडच्या डॉक्टरकडं ह्याच गाडीवर जायची, दोन्ही हातांनी त्यांची कंबर घट्ट धरून. आश्रुबांनी जास्त विचार केला नाही.

"टाक बेअरिंग."

बीडच्या लेथवर ती झिजलेली जागा कापून मोठी करून आणली. हनुमाननं हेड स्टोव्हवर तापवलं आणि वरून बेअरिंग सोडलं. ते अलगद जाऊन बसलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग इंजिनातल्या साखळीच्या खुणा जुळवून इंजिन बांधलं, किक मारली. गाडी नुसती गुणगुणत उभी राहिली. आश्रुबा खूश होऊन निघाले. वाटेत त्यांना कित्येक वर्षांनी वाऱ्याचा आवाज ऐकू आला.

छबुबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. दारात गाडी थांबली तशी तिनं वर पाहिलं.

"मालक न्हाईत घरी," ती म्हणाली.

आश्रुबा हसले. "छबू, मी हाय."

ती झटकन उठली, आत गेली आणि तिनं कडी लावली. आतून सुनेला विचारत होती, "पोरी, कोण गं तो माणूस? माझं नाव काहून घेतो?"

दुसऱ्या दिवशी आश्रुबा पुन्हा हनुमानपुढं बसले.

"होतं तसं करून दे."

"कसं करू बाबा? जुनी जागाच कापली. ती आता कुठून आणू?"

आश्रुबा जागचे हलेनात. ते बघवेना म्हणून हनुमाननं आवाज यावा म्हणून इंजिनातले टॅपेट ढिले केले. गाडी खडखडू लागली. आश्रुबा तशीच ती घरी घेऊन आले. छबुबाईचे हात थांबले, मान वळली. आश्रुबांनी इंजिन चालूच ठेवलं.

"कुणाची तरी गाडी आली," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.

त्यांनी टॅपेट परत नीट करून घेतले.

पुढं तिची भीती गेली, ओळख मात्र आली नाही. रोज येणारा कुणी भला पाहुणा म्हणून ती त्यांना तांब्या भरून पाणी देते.

"बसा. शेताकडं गेलेत. येतीलच."

ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसतात. दोघंही रस्त्याकडं बघतात. परवा ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ऊन लई हाय. टोपी नेली का न्हाई कुणाला ठावं."

आश्रुबांचा हात आपल्या डोक्याकडं गेला.

"टोपी हाय त्यांच्याजवळ," ते म्हणाले. "मी बघितली."