बटरचा दुखरा पाय
दहिसरच्या चाळीत सुगंधाकाकींचा आवाज सगळ्यात मोठा. पोस्टमनपासून मांजरीपर्यंत कुणाचीच सुटका नाही. म्हणून चाळीतला कुत्रा बटर लंगडायला लागताच सगळ्यांनी काकींकडेच पाहिलं.

"मी मारलंय काय तेका?" काकी तडकल्या. बटरला जवळ ओढून त्यांनी पंजा उलटा केला, तर बोटांच्या बेचक्यात फणसाचा चीक आणि त्यात चिकटलेली खडी! सकाळी गॅलरीत फणस फोडला होता काकींनीच. मुकाट्याने खोबरेल चोळून त्यांनी पंजा साफ केला आणि आठळी काढून बटरला एक गरा भरवला. बटर उड्या मारत पळाला.

दुसऱ्या दिवशी बटर पुन्हा दारात, डावा पाय उचलून. काकींनी चारही पंजे तपासले. सगळे स्वच्छ.

"मेल्या, काल उजवो पाय दुखत होतो ना रे?" म्हणत काकी गरा आणायला उठल्या.