तडसाचा वाघ झाला तेव्हा

मी पांढरकवड्याकडचा वार्ताहर. गावातल्या बातम्या मोबाइलवरून पेपरच्या जिल्हा कचेरीत पाठवायच्या आणि सकाळी काय छापून आलंय ते लोकांच्या आधी, धडधडत्या छातीने वाचायचं, हे माझं काम. रस्त्याच्या निकृष्ट कामाची माझी बातमी तिथे कधीची पडून आहे. कंत्राटदार वाढदिवसाची पानभर जाहिरात देतो ना!

यंदा आमच्या शेजारच्या काकूच्या शेतालगत ठसे दिसले. वनरक्षकाने पाहून सांगितलं, तडस आहे. मीही तडस असंच लिहून पाठवलं. सकाळी पहिल्या पानावर जबडा उघडलेला वाघ, वर 'शिवारात वाघाची दहशत' आणि खाली माझं नाव. फोन केला तर उपसंपादक हसले. "तडस कोण वाचतं हो? टाकू उद्या खुलासा." तो उद्या काही उजाडला नाही, आणि मीही फार नेट लावला नाही. वार्ताहरकी जाईल ही भीती, दुसरं काय.

त्याच दिवशी काकूचं सीतादही होतं. आमच्याकडे पहिल्या वेचणीला शेतात दहीभात ठेवून पूजा होते, मगच बाया कापसाला हात लावतात. काकू दहीभात घेऊन गेली, बाया आल्याच नाहीत. पुढेही आल्या नाहीत. बोंडं फुटून कापूस लोंबायला लागला आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं.

शेवटी काकूला घेऊन मी बायांच्या वस्तीवर गेलो. वाघ नाही, तडस आहे, पेपरातलं खोटं आहे, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, पेपरात त तुमचंच नाव हाय. आता काहून फिरून राह्यले? कोनं धमकावलं काय? भेऊ नका, आमी हाव तुमच्या मांगं."

मी शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या, तितका त्यांचा संशय पक्का होत गेला.

परतताना काकूने हात धरून मला थांबवलं. मग हळूच म्हणाली, "तुले खरंच कोनी दम देल्ला काय रे? माह्या कापसापायी खोटं नको बोलू बापा. भिजला त भिजू दे. तुह्या जिवाले काई झालं त?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.