सायाक्काची सब्बल

सायाक्का सकाळी कामावर आली की आधी रेल्वेच्या कोळशाच्या डब्याला सब्बल, म्हंजी लोखंडी पहार, हाणायची. धाड! मंग कान लावायची. तिनं मान हालवल्याबिगर आमी बाया डब्याच्या दाराखाली पाय टाकत नव्हतो. कुणी टाकलाच, तर तीच सब्बल त्या बाईच्या पोटरीवर बसायची. माझ्याबी बसली हाय. अजून थंडीत ठणकते.

ती निलंग्याकडची, कानडी शिवंवरची. मी कंधारची. नवरा मेल्यावर पोटासाठी डोंगरापल्याडच्या थर्मलला आले. थर्मल म्हंजी कोळसा जाळून वीज करायचा कारखाना. रेल्वेनं कोळसा यायचा, आमी दार खोलून त्यो खाली वढायचो. सायाक्का आमच्या टोळीची मुकादम. उंच, काळी, डाव्या हाताला दोनच बोटं. बाकीची दारात चेंगरून गेली. "लोखंडाला इचारलं न्हाई, त्याचा दंड," म्हनायची.

पावसाळ्यात ओला कोळसा डब्यात भिताडासारखा चिकटून ऱ्हातो. दार खोललं तरी पडत न्हाई, अन् माणूस खाली गेलं की पडतो. आमची गंगू अशीच गेली. त्या दिशी सायाक्का तापानं घरी होती. दुसऱ्या दिशी आली अन् ज्या सुपरवायझरनं गंगूला घाईनं खाली धाडलं, त्याच्या तोंडावर फावड्याचा दांडा असा हाणला, की दात कोळशात पडले.

"वेच आता," म्हनली. "पांढरे हायेत, लवकर घावतील."

ठेकेदाराच्या माणसांनी तिला लई मारलं. डोळे सुजून मिटले होते. तसलीच कामावर आली, डबा हातानं चाचपला अन् सब्बल हाणली.

तवा मालगाड्यांना खंड नव्हता. एक रिकामी व्हायच्या आत दुसरी मागं शिट्टी मारायची. धुरांडी वाढतच गेली. मंग दुष्काळ पडला, धरण आटलं. पाण्याबिगर थर्मल चालत न्हाई, बंद झालं. पुढं पाऊस झाला, पर जुनी धुरांडी पुन्हा पेटलीच न्हाईत. सायब म्हनले, "बाई, जुन्याला कोळसा लई लागतो. आता मोठे कारखाने खाणीजवळ झालेत."

सायाक्कानं इचारलं, "म्हंजी देशात कोळसा जळायचा थांबला?"

"न्हाई. वाढला. इथला तेवढा थांबला."

"अय्यो," सायाक्का थुंकली. "म्हंजी आग तीच, चूल तेवढी दुसऱ्याच्या घरात."

यार्डात डोंगराएवढा कोळसा तसाच पडून होता. सायाक्का म्हनली, "ह्यो ढीग हाय तवर आपलं काम हाय. ह्याला हात लावू द्यायचा न्हाई." आमी त्याच आशेवर बसून ऱ्हायलो. एक दिस भर दुपारी ठेकेदार यंत्रं अन् काठीवाली माणसं घेऊन आला. ढीग उचलून दुसरीकडं न्यायचा अन् टोळीला कायमची सुट्टी.

आमी ढिगाम्होरं बसलो. काठ्या सुरू झाल्या. माझ्या शेजारणीचं डोकं फुटलं, तिचं रगत माझ्या तोंडावर उडालं. सायाक्कानं एकाच्या गुडघ्यावर सब्बल हाणली. हाड मोडलं त्याचा आवाज मी ऐकला. मंग सगळे तिच्यावर तुटून पडले. ती कशीबशी सुटली अन् ढिगावर चढली.

"बा! बा!" कानडीत या, या म्हनून त्यांना डिवचत होती. "ये की रं, काठी तुजी, हाड माजं!"

चालत्या यार्डात कोळसा कदी बसून ऱ्हात न्हाई. म्हनून आमाला मालूमच नव्हतं, की पडून ऱ्हायलेला कोळसा आतून आपसूक पेटतो. वरून काळा, गप. डब्याला ठोकून इचारायची सवय. ढिगाला कोण इचारतंय? ती माथ्यावर गेली अन् वरची खपली फुटली. मांड्यापर्यंत आत गेली. खालून लाल दिसलं.

सब्बल आडवी टाकून तिनं हात टेकले. जो सगळ्यात जास्त मारत होता, त्योच काठी घेऊन वर पळाला.

"मावशे, काठी पकड!"

"थांब, मुडद्या!" ती वरडली. "आधी ठोक! ठोकून पाय टाक!"

त्यो काठीनं ठोकीत ठोकीत गेला. त्याच्या पावलावर पाऊल टाकत मागून मी. दोघांनी तिला वढली. पायाची कातडी लुगड्यासंगं निघाली.

नांदेडच्या दवाखान्यात मी तिच्याजवळ होते. मरायच्या आधी तिनं ढिगाचं काय झालं ते इचारलं न्हाई.

"त्यो भाजला का?" म्हनली.

"न्हाई."

"मुडदा, ठोकून ऐकत व्हता," म्हनली, अन् तोंड भिंतीकडं केलं.

ढीग गेला, टोळी मोडली. आता मी निलंग्याकडं लेकीपाशी ऱ्हाते. हितं माळावर काचेच्या पाट्या बसवल्यात, उन्हाची वीज. रातीचे दिवे अजून कोळशावरच लागत्यात म्हनं. सकाळी ऊन तापायच्या आत आमी बाया पाट्या धुतो. खाली सावलीला साप बसत्यात, म्हनून मी आधी लोखंडी खांबाला काठी हाणते अन् कान लावते. पोरी हसत्यात, "आजे, काच हाय ही, कोळसा न्हाई."

हसू द्या. मी मान हालवेस्तवर एकीचाबी पाय उचलत न्हाई.