खिडकीतली फिल्म

अलिबागेत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत डॉ. प्रमोदिनी राऊत यांचं स्कॅन सेंटर आहे. लोक त्याला ‘फोटोवाल्या बाईंचा दवाखाना’ म्हणतात आणि बाईंना ते नाव मनापासून आवडतं. सत्तावीस वर्षं त्या माणसांचे आतले फोटो बघताहेत. माणूस समोर आला तर चेहरा आठवत नाही, पण जुना स्कॅन लावला की म्हणणार, “अरे, हे तर रेवदंड्याचे, पित्ताशयात खडे होते यांच्या.” रस्त्यात ओळख न दाखवल्याबद्दल अर्धं अलिबाग त्यांच्यावर रुसून आहे. फोटो मात्र आपण कधीच विसरत नाही, अशी बाईंना थोडी घमेंड होती. ती एकशे सतरा नंबरने उतरवली.

बाई मूळच्या चौलच्या. वडील विश्वंभर राऊत शाळामास्तर, आणि घरची नारळी-पोफळीची वाडी. सुपारी निवडायला बसले की मास्तर मुलीला शेजारी घेत. फोडायची, बघायची, किडकी बाजूला टाकायची. मुलगी हुशार, नजर तेज, पण मास्तरांनी एकदा तिने निवडलेलं सूप तिच्यासमोरच पालथं केलं आणि चांगल्यातून चार किडक्या वेचून दाखवल्या. म्हणाले, “एक किडकी सापडली की तू खूश होतेस, आणि त्या आनंदात पुढच्या दोन न बघताच टाकतेस.” मुलगी फुरंगटून बसली होती. त्या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं उलटली आणि मास्तर जाऊनही बारा वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वी बाईंनी एक संशोधन हाती घेतलं. मुंबईत त्यांचा कॉलेजमधला मित्र डॉ. अजेय रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करतो, तो जोडीला होता. प्रश्न साधा होता. विड्या-सिगारेटींनी पायाच्या रक्तवाहिन्या तुंबतात, म्हणून पायाचा स्कॅन करतात. हा स्कॅन म्हणायला पायाचा, पण सुरू होतो पोटापासून. त्याच विड्यांनी कॅन्सरही होतो. मग सगळ्यांचं लक्ष पायाकडे असताना पोटातली गाठ किती वेळा नजरेतून निसटते? दहा वर्षांतले चारशे बारा जुने स्कॅन काढले. सेंटरचा जुना तंत्रज्ञ सदा, त्याने प्रत्येकावरचं नाव, गाव, तारीख आणि जुना रिपोर्ट झाकून नुसते नंबर घातले. रोज दुपारी दोन ते चार बाई अंधाऱ्या खोलीत पडदा ओढून बसायच्या आणि या वेळी रक्तवाहिन्या सोडून बाकी सगळं बघायच्या.

एकशे सतरा नंबर लावला आणि बाई खुर्चीत सरळ झाल्या. डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला गाठ होती, चांगली लिंबाएवढी, औषधाने उजळलेली. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात रागारागाने लिहिलं, “आंधळ्यालाही दिसेल. रिपोर्ट कोणी केला?” मग चहा मागवला. दुसऱ्यांच्या चुका काढताना चहा जरा जास्तच गोड लागतो, हे बाईंनी नंतर स्वतःच सांगितलं.

सगळे स्कॅन संपल्यावर, फाल्गुनातल्या एका दुपारी, सदाने नावांची यादी उघडली. निसटलेल्या गाठी एकूण नऊ निघाल्या. बाई ओळीओळीने खाली आल्या. एकशे सतरा. दयाराम म्हात्रे, वय छप्पन्न. नोव्हेंबर दोन हजार सतरा. रिपोर्ट, डॉ. प्रमोदिनी राऊत.

सदा शेजारी उभा होता. त्याने शेरा वाचला, नाव वाचलं आणि पडदा सारायला गेला. “राहू दे,” बाई म्हणाल्या. “अंधारच बरा आहे.”

दयाराम त्यांना चांगला आठवत होता. धरमतर खाडीकाठचा माणूस. तरुणपणी मिठागरावर राबला, पुढे स्वतःचा ट्रक घेतला. उजव्या पायाचा अंगठा काळा पडला तेव्हा बायको कमळ त्याला घेऊन आली होती. पाय कापावा लागेल असं कोणीतरी सांगितलेलं, त्यामुळे दोघं रडवेली. बाईंनी स्कॅन केला, अडथळा नेमका सापडला, तिथल्या तिथे अजेयला फोन लावला आणि संध्याकाळी दयाराम मुंबईत टेबलावर होता. पाय वाचला.

पुढच्या चैत्रात कमळ दवाखान्यात हजर. सोबत दयाराम, स्वतःच्या दोन पायांवर, आणि तिच्या हातात पांढऱ्या कांद्याची माळ. तिचं माहेर अलिबागजवळच्या खंडाळ्याचं. भावाच्या वाफ्यातले कांदे ती स्वतः उपटायची आणि पातीची वेणी घालून माळ गुंफायची. “हा पाय तुझा हाय बाय,” दयाराम हसून म्हणाला होता. पुढच्या वर्षी दोघंही आली नाहीत. दयारामला पोटातला कॅन्सर झाला होता, छातीत पसरला होता, पावसाळ्याआधी तो गेला. बाईंना वाईट वाटलं. त्यानंतर कमळ दर चैत्रात एकटी येत राहिली. लॉकडाऊनचं वर्ष सोडलं तर तिने एकही वर्ष चुकवलं नाही. माळ द्यायची, “तुझ्यामुलं दोन वरसं चालला माज्याबरोबर,” म्हणायची आणि पाणी पिऊन जायची. गेल्या वर्षीच्या माळेतले शेवटचे तीन कांदे अजून दाराआडच्या खिळ्याला होते.

बाईंनी जुनी फाईल उघडली. तिथे जे दिसलं त्याने त्यांची झोप नव्हे, दिवस खाल्ले. डॉक्टरांना आणि पेशंटला द्यायचं चित्र सुबक दिसावं म्हणून संगणकावर बाकीचे अवयव पुसून टाकतात, आतडी, यकृत, मूत्रपिंडं. उरतात हाडं आणि त्यांच्यावरून उतरणाऱ्या लालभडक रक्तवाहिन्या. हे काम बाई दुसऱ्यावर सोपवत नाहीत, त्यांचा हात त्यात फार सफाईदार. म्हणजे त्या दिवशी डावं मूत्रपिंड पुसायला त्यांनी बाण नेमका त्याच्यावर ठेवला असणार आणि बोट दाबलं असणार. गाठ नजरेतून सुटली एवढंच नव्हतं. त्यांनी ती उचलून फेकली होती. अडथळा सापडल्याच्या आनंदात.

तेव्हापासून ते मूत्रपिंड त्यांच्या मागे लागलं. नव्या पेशंटचं चित्र साफ करायला बसल्या की हात थांबायचा. पुसलं की पुन्हा आणायचं, बघायचं, पुन्हा पुसायचं. दहा मिनिटांचं काम तासावर गेलं. अंधाऱ्या खोलीत दुपारी दोनला पाठीमागे कोणीतरी खुर्ची सरकवून बसल्यासारखं वाटायचं. वळून बघितलं की दाराआडचे तीन कांदे. एकदा त्यांनी ते काढून सदाला घरी न्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी रिकामा खिळा जास्त दिसायला लागला.

अजेयला फोन केला. तो म्हणाला, “प्रमोदिनी, संशोधनात नावं झाकतात ती याचसाठी. माणूस गेला. सांगून काय परत येणार आहे? त्या बाईला उगाच जखम कशाला?”

“ती चैत्रात येईल रे. माळ घेऊन.”

“मग घे की माळ.”

“ते जमणार नाही आता,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. अजेयचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्याने इतकी वर्षं त्या माळेतले पांढरे कांदे खाल्लेले नव्हते.

होळी झाली तशी बाईंनी एक सकाळ मोकळी केली आणि स्वतः गाडी चालवत खाडीकडे निघाल्या. कमळने दवाखान्याची पायरी चढण्याआधी आपण तिच्या दारात जायचं, एवढं एकच त्यांनी पक्कं ठरवलं होतं. तिथे काय बोलायचं हे ठरलंच नव्हतं.

कमळ अंगणात नव्या माळा गुंफत बसली होती. बाईंना बघून ती इतकी हरखली की कांदे मांडीवरून घरंगळले. “आगो बाय! तू कशी आलीस? ये ये, आत ये.” हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं, चुलीवर चहा ठेवला. बाईंनी मान वर केली.

खिडकीच्या एका तावदानाला काचेऐवजी काळी फिल्म लावलेली होती. पलीकडून ऊन येत होतं, त्यामुळे दयारामचा कणा, कंबर, पाय आणि सगळ्या रक्तवाहिन्या स्वच्छ उजळल्या होत्या.

“वादलात काच गेली ना, वीस साली,” कमळ म्हणाली. “पोरगा बोलला नवीन घालू. मी बोल्ली, न्हाय. ह्याच लाव. भाकऱ्या करताना समोर असतात ते.”

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. आडपडदा न ठेवता सांगितलं. पायाचा फोटो काढला तेव्हा पोटात गाठ होती, तेव्हा ती पसरलेली नव्हती, काढली असती तर दयाराम बहुधा आज असता. ती मी बघितली नाही. चूक माझी आहे, आणखी कोणाचीही नाही.

कमळने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, “तवा हुती?”

“होती.”

“त्याच दिवशी?”

“त्याच दिवशी.”

“त्यांना नंतर लगवीतून रगत गेला,” कमळ हळू आवाजात बोलायला लागली. “मना सांगितला त्यांनी. मी बोल्ली, टरक चालवून उष्णता झाली, सब्जा पी. चार महिने मी सब्जा देत बसली. कोणाला न्हाय सांगितला मी ह्यो. पोराला पन न्हाय. रोज भाकरी थापताना त्यांच्याकडं बघतंय नि बोलतंय, मी मारला तुमाला.” तिचा आवाज एकदम चढला. “नि मी तुना कांद्याच्या माला आनून देत हुती!”

कमळ उठली, खिडकीपाशी गेली. “कुठं? दाखव मना. मी सहा वरसं बघतंय, हितं काय न्हाय.”

बाई उठल्या. कण्याच्या डाव्या अंगाला, नुसत्या काळ्या जागेवर बोट ठेवलं. “इथे. पण यात दिसणार नाही. चित्र नीट दिसावं म्हणून मीच पुसलं होतं.”

कमळने त्या काळ्या जागेकडे बघितलं, मग बाईंकडे. पदराने हात पुसले आणि चारी कोपऱ्यांच्या चिकटपट्ट्या एकेक करून सोडवल्या. ऊन थेट आत आलं. तिने फिल्म गुंडाळून बाईंच्या हातात दिली. “ही ने. तू जा काय पुसलास ता छापून आन. मंग बघू.”

अंगणातून जाताना गुंफलेल्या माळा ओळीने पडल्या होत्या. कमळने त्यातली एकही उचलली नाही, आणि बाईंनी तिकडे मान वळवली नाही.

फिल्म छापायचं मशीन दवाखान्यात धूळ खात होतं, हल्ली सगळं मोबाईलवरच जातं. सदाने ते अर्धा दिवस खटपट करून चालू केलं. कोपऱ्यात काय घालू, नंबर की नाव, असं त्याने विचारलं. बाईंनी स्वतः बसून टंकलं, दयाराम म्हात्रे, आणि खाली रिपोर्ट करणाऱ्याच्या जागी आपलं पूर्ण नाव.

तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा खाडीकाठच्या त्या घरात गेल्या. या वेळी चहा नव्हता. कमळने फिल्म हातात घेतली, मोकळ्या तावदानाला धरली आणि कोपरे एकेक करून चिकटवले. एकच आडवा छेद होता, पोटाचा, तावदानभर मोठा केलेला. बाई बोट दाखवायला पुढे झाल्या.

“थांब,” कमळ म्हणाली. ती शाळेत गेली नव्हती, चष्मा चुलीजवळ राहिला होता. तिने डोळे बारीक केले, कण्यापासून बोट सरकवत नेलं आणि बरोबर त्या पांढऱ्या गाठीवर आणून ठेवलं.

“हीच ना?”

“हीच.”

कमळने बोट काढलं नाही. बाईंकडे वळून न बघता ती म्हणाली, “ही तर मना पन दिसते.”