इथे कोण म्हातारं होणारय?

देवयानी चिडली की आवाज चढत नाही तिचा, उलट खाली येतो. मला हे ठाऊक आहे, कारण गेली कित्येक वर्षं आम्ही दोघी एकाच गाडीतून कामाला जातो. आयर्लंडमध्ये लिमरिक शहराबाहेर वैद्यकीय उपकरणांचा कारखाना आहे, तिथे ती क्वालिटी इंजिनियर आहे.

घरखर्च तीच बघायची. पगार आला की किराणा, हिवाळ्यातलं हीटिंग, गाडीचा इन्शुरन्स, लेकीची, स्वरांगीची, पोहण्याची फी, सगळ्याचे पैसे आधी बाजूला. कॅन्टीनची कॉफी तिने कधी घेतली नाही. उरेल ते नवरा, परेश, पुण्याला पाठवायचा. दोघांच्या नावावर वाकडला फ्लॅट घेतला होता, त्याच्या हप्त्यासाठी. दोन-तीन वर्षांत परत जायचंय, असं तो म्हणायचा. तोवर स्वरांगी इथल्या शाळेत रुळली आणि मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली.

कंपनीत पेन्शनची सोय होती. आपण पगारातून जेवढे टाकू तेवढेच कंपनी टाकणार. दरवर्षी विचारणा व्हायची आणि दरवर्षी परेशचं एकच उत्तर, "अगं, इथे कोण म्हातारं होणारय? पैसे अडकून बसतील. फ्लॅट आहे की आपला." वाद नको म्हणून ती सोडून द्यायची.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने एक सल्लागार बोलावला. देवयानीने त्याला सहज विचारलं, पहिल्या दिवसापासून भरले असते तर? त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. आकडा वाचून तिने विचारलं, "आणि यातले कंपनीने द्यायचे होते ते?"

"ते तुम्ही कधी मागितलेच नाहीत," तो म्हणाला.

 येताना गाडीत ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या कामाचे पैसे होते गं. नुसतं हो म्हणाले असते तरी मिळाले असते."

घरी तिने फ्लॅटचं विचारलं, तेव्हा परेश म्हणाला, "सगळं मस्त चाललंय. भाड्यातून अर्धा हप्ता सुटतो ना?"

"भाडेकरूंचा नंबर दे."

"कशाला?"

"कुलकर्णी ना? बँकेत आहेत म्हणालास. दे नंबर."

परेश कपाटात कप लावत राहिला. तिने परत मागितला, तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाला, "अंबरीश राहतो तिथे."

अंबरीश त्याचा धाकटा भाऊ. चार वर्षं फुकट राहत होता, अख्खा हप्ता यांच्याच पगारातून जात होता. कुलकर्णी नावाचं माणूसच नव्हतं. पुण्याला गेल्यावर 'भाडेकरूंना त्रास नको' म्हणत परेश तिला फ्लॅटकडे का फिरकू देत नसे, ते तिला त्या क्षणी कळलं.

रविवारी सकाळी तिने अंबरीशला फोन लावला.

"वहिनी, घरातलंच आहे ना," तो हसत म्हणाला. "तुम्हाला तिकडे युरोत काय कमी आहे?"

"भावजी, काय कमी आहे ते मी परवाच बघून आले. पुढच्या महिन्यापासून बाजारभावाने भाडं द्या, नाहीतर घर रिकामं करा."

"आईला काय वाटेल?"

"त्यांना मीच सांगते."

आणि तिने खरंच सांगितलं. सासूबाई रडल्या. परदेशात जाऊन पैशाची झालीस, म्हणाल्या. "झाले," देवयानी म्हणाली, "पैसा मी कमावलाय."

परेश फुरंगटून बसला. भावाला रस्त्यावर काढलंस, म्हणाला. तिने विचारलं, "कुलकर्ण्यांना बायकामुलं होती का रे? की तेवढं ठरवायचं राहून गेलं?" तो उठून बाहेर गेला.

अंबरीशने भाडं दिलं नाही, शेवटी घर सोडलं. फ्लॅट विकला, अपेक्षेपेक्षा कमीच आले. कर्ज फिटून उरलेल्यात इथे एका छोट्या घराचं डिपॉझिट झालं. पगार आता दोघांच्या वेगळ्या खात्यांत येतात, घरखर्चाचं तेवढं सामाईक. सासरचे फोन परेशलाच येतात. पेन्शनमध्ये ती कायद्याने जास्तीत जास्त टाकता येतं तेवढं टाकते. तरी मागची वर्षं भरून निघणार नाहीत, आणि राग गेलेला नाही. परेश कधी लाडात येऊन "झालं गेलं" म्हणाला, की ती खोलीतून निघून जाते.

मागच्या महिन्यात चैत्राली नावाची नवी मुलगी आमच्या विभागात आली. देवयानीने पहिल्याच दिवशी तिला गाठलं. "पेन्शनचं केलंस?"

"घरी विचारून सांगते."

"पगार कुणाचा आहे?" देवयानीचा आवाज खाली आला. "तुझ्या कंपनीकडून तुला मिळणारे पैसे आहेत. घरी सांग. विचारू नकोस."

चैत्रालीला ते अजिबात आवडलं नाही. आठवडाभर देवयानीशी बोलली नाही. पण पेन्शनच्या फॉर्मवर सही तिने त्या पहिल्याच दिवशी दुपारी केली.