तारा सरकलाच नाही

भूत, आत्मा असलं काही मी मानत नाही. राहुरीला कॉलेजात फिजिक्स शिकवते. विद्यार्थ्यांनी असलं काही सांगितलं तर त्यांची फिरकी घेणारी पहिली मीच. आता तुम्ही माझी घ्या, हरकत नाही... पण आधी ऐका.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. राजूरला माझी मावशी एकटी राहायची. काका आखाडात गेले आणि तेव्हापासून बाईचं बोलणं आटलं, जेवणही दोन घासांवर आलं. तिचा मुलगा प्रकाश तिला नगरला न्यायला आला की दरवेळी हात हलवत परत जायचा. शेवटी त्याने मला बोलावून घेतलं. राजूरचं आकाश काळंभोर, म्हणून मी दुर्बीणही गाडीत टाकली.

मी अंगणात दुर्बीण लावत होते, तेव्हा मावशी जवळ येऊन बसली आणि आपण होऊन बोलली.

"आमच्या लग्नात भटजी म्हनले, नवरीला अरुंधती दावा. भर दुपारी! ह्यांनी मांडवाच्या कापडाकडं बोट केलं. मी म्हनलं, दिसली. मग जलमभर चिडवायचे, काय दिसलं गं तुला? एकदा खरी दावतो म्हनायचे... ते ऱ्हाऊनच गेलं. आन तुमी म्हनताय नगरला चल."

मी आकाशाकडे पाहिलं. पण त्या दिवसांत अरुंधतीची जोडी उगवते मध्यरात्रीनंतर, आणि मावशीत तेवढं जागायची ताकद नव्हती.

"दुसरी जोडी दाखवू?" मी विचारलं.

देवयानी तारकासमूहात एक लाल बटुतारा आहे. आपल्या सूर्याचा अगदी शेजारी, तरी इतका मंद की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या बाजूला त्याहून फिकट एक जोडीदार आहे. तो शोधायला मलाही डोळा ताणावा लागतो.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. माझ्या दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारा दीडेक मिनिटात नजरेबाहेर जातो. नळी सतत हाताने सरकवावी लागते. मावशीला स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "कशाला हात लावू नकोस. तारा गेला की हाक मार."

मी आणि प्रकाश आत चहा ठेवायला गेलो. हाक येईना. दूध उतू गेलं, ओटा पुसला, तरी हाक नाही. मग बाहेरून मावशीचा आवाज आला — काका होते तेव्हाचा, खणखणीत.

"जरा हळू सरकवा की! हां... बास, बास."

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. घरात आम्ही तिघंच होतो.

बाहेर आलो तर मावशी एकटी. डोळा दुर्बिणीला, दोन्ही हात शालीत गुंडाळलेले. मी वाकून पाहिलं. लाल तारा बरोबर मधोमध, शेजारी तो फिकट जोडीदार! तो तर केव्हाच निसटायला हवा होता. मी बघत राहिले, आणि आता मात्र तारा नेहमीसारखा कडेला जाऊ लागला.

"दिसली," मावशी डोळे पुसत म्हणाली. "या बारीला खरंच दिसली." मग प्रकाशला म्हणाली, "भूक लागली हाय रे. जेवू आन सकाळी निघू नगरला."

ती आता नगरला आहे, सुनेच्या हाताला नावं ठेवत पोटभर जेवते. त्या रात्री कोणाशी बोलत होतीस, असं मी फोनवर विचारलं तर हसली. "तुज्या काकांबिगर मी आसं कुनाला दटावनार गं?"

जमीन उतरती होती का, नळी सैल होऊन आपोआप घसरत होती का, सगळं तपासलं. तसं काहीच नव्हतं. हल्ली मात्र तो तारा लावला की मी आधी हात मागे घेते आणि थोडा वेळ थांबते. तारा सरकत जातो... मग मीच नळी ढकलते.